आवळीला फुलं येतात, मग फळं कुठे जातात?

हैदराबादचा नयापूल ओलांडून अफझलगंजमार्गे बेगम बाजारात शिरलं की आवळा बाराही महिने भेटतो. ताज्या फळांचा मोसम हिवाळ्याचा, पण आवळकाठीला मोसम नसतो. शिकेकाई, रिठा, नागरमोथा यांच्या शेजारी काळसर, सुरकुतलेल्या फोडींनी भरलेल्या गोण्या तोंड उघडून ठेवलेल्या असतात. केसांसाठी, त्रिफळ्यासाठी, दवाखान्यातल्या चूर्णासाठी शहरभरातून लोक इथेच येतात. दुसऱ्या आसफजाहांच्या बेगमेने, हमदा बेगमेने, ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून बाजाराला नाव पडलं, असं सांगतात.

बाजारातला आवळा असा भरवशाचा. दारातली आवळी मात्र अनेकांना कोड्यात टाकते. गौलीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत ज्या जुन्या घरांच्या परसात अजून माती शिल्लक आहे, तिथे हौसेने लावलेल्या आवळीबद्दल एकच तक्रार ऐकू येते. फाल्गुन-चैत्रात झाड नखशिखांत फुलतं, मधमाश्या घोंघावतात, खाली पिवळसर फुलांचा सडा पडतो. मग वैशाख जातो, ज्येष्ठ जातो, आषाढही जातो आणि झाडावर एक आवळा दिसेल तर शपथ. कुठे भाद्रपदात अचानक हिरवे मणी लटकू लागतात, कुठे तेही नाही. घरातलं कोणी म्हणतं उन्हाने मोहर जळाला. कोणी म्हणतं झाड नर निघालं. दोन-तीन वर्षं वाट पाहून कुऱ्हाड येते.

यात खरी दोन कोडी आहेत आणि ती वेगळी सोडवावी लागतात. फूल आणि फळ यांच्यात एवढं अंतर का, हे पहिलं. काही झाडांना फळ येतच का नाही, हे दुसरं. दोन्हींची उत्तरं झाडावरच असतात, फक्त डोळ्यांजवळ धरून पाहायला हवीत.

डहाळी हातात घ्या

चैत्रात फुललेल्या आवळीची एक बारीक डहाळी तोडून उजेडात धरा. चिंचेच्या पानासारखी ती दिसते, मधे काडी आणि दोन्ही बाजूंना ओळीने चिमुकल्या पट्ट्या. चिंचेत ही सगळी रचना मिळून एक पान होतं. आवळीत प्रत्येक पट्टी हे स्वतंत्र, पूर्ण पान असतं आणि मधली काडी ही खरी फांदी असते, अगदी कोवळी आणि अल्पायुषी. पुरावा समोरच आहे. फूल सहसा पान आणि फांदी यांच्या बेचक्यात येतं. आवळीत प्रत्येक पट्टीच्या बुडाशी फुलं असतात, चिंचेच्या पानात तशी कधीच नसतात.

आता ही फुलं नीट बघा. भिंग असेल तर उत्तम. काडीच्या बुडाकडच्या बेचक्यांत फुलांचे झुबके दिसतील. प्रत्येक फूल ज्वारीच्या दाण्याहून लहान, हिरवट पिवळं, केसासारख्या देठावर लोंबणारं. त्याच्या मध्यभागी तीन पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेला एक ठेंगणा खांब आहे. ही नर फुलं. टोकाकडे सरकत जा. तिथे एखाद्या बेचक्यात वेगळंच फूल सापडेल. त्याला देठ जवळपास नाहीच, ते काडीला चिकटून बसलेलं असतं आणि मधे हिरवी गोल गाठ असते. हे मादी फूल, आणि ती गाठ म्हणजे पुढचा आवळा.

म्हणजे नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, एकाच डहाळीवर असतात. पपईत नर झाड वेगळं निघतं, आवळीत तसं होत नाही. ‘नर आवळी’ म्हणून तोडलेली झाडं बिनअपराधी गेली. नर फुलांची संख्या मादी फुलांच्या कितीतरी पट असते, आणि पराग देऊन झाले की ती गळतातच. अंगणात पडणारा सडा जवळजवळ सगळा त्यांचाच. तो पाहून हळहळायचं कारण नाही.

या डहाळ्यांची आणखी एक खोड लक्षात ठेवायला हवी. हिवाळ्याच्या शेवटी त्या पानांसकट अख्ख्या गळून पडतात आणि झाड वाळल्यासारखं उघडं होतं. जुन्या फांद्यांवर मग फक्त बुटक्या गाठी दिसतात. याच गाठींतून नवी पालवी फुटते आणि तिच्याबरोबरच फुलं येतात. उघडं झाड पाहून घाबरून पाण्यात बुडवू नये आणि गाठी खरवडून ‘साफ’ तर मुळीच करू नयेत.

उन्हाळाभर थांबलेला आवळा

वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी पराग मादी फुलावर पोचतात आणि फलन होतं. आंब्यात यानंतर लगेच कैरी वाढू लागते. आवळीत फलन होतं आणि सगळं थांबतं. बीजांडातली ती फलित पेशी विभागतच नाही. बाहेरची हिरवी गाठ बेचक्यात बसून राहते, तिचा आकार वाढत नाही, म्हणून झाड रिकामं वाटतं. वनस्पतिशास्त्रात याला सुप्तावस्था म्हणतात. आवळीत ती सुमारे चार महिने टिकते. बेगम बाजारातला घाऊक व्यापारी माल आधी भरून ठेवतो, पण मोसम आल्याशिवाय गोणीची शिवण उसवत नाही. आवळीही तसंच करते. माल आत आलेला असतो, व्यवहार सुरू झालेला नसतो.

मोसम येतो तो पावसाबरोबर. जमीन भिजते, हवेत ओल येते, ऊन उतरतं आणि थांबलेली पेशी विभागू लागते. श्रावणाच्या अखेरीस गाठ मण्याएवढी दिसते आणि नंतरची वाढ झपाट्याची असते. कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फळ भरतं. आपलं आवळीभोजन कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत असतं. तेलुगू शेजारीही याच महिन्यात उसिरीच्या, म्हणजे आवळीच्याच, झाडाखाली वनभोजन करतात आणि आवळ्यावर वात ठेवून दिवा लावतात. मराठी आणि तेलुगू पंचांग दोन्ही अमावास्येला महिना संपवणारी, त्यामुळे कार्तिक एकच. झाडाचं वेळापत्रक दोन्ही भाषांच्या माणसांनी सारखंच ओळखलेलं दिसतं.

झाड का थांबतं, हे कळलं की त्याची निगा आपोआप कळते. आवळ्याच्या वजनात चार पंचमांशाहून जास्त पाणी असतं. हैदराबादला वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर असताना हजारो रसाळ फळं पोसणं दख्खनच्या माळावरच्या झाडाला परवडणारं नाही. फुलणं मात्र कोरड्या हवेत सोयीचं, कारण पराग भिजत नाहीत आणि वाऱ्यावर सहज उडतात. म्हणून फुलायचं उन्हाळ्यात आणि फळ वाढवायचं पावसाळ्यात, असा सौदा या झाडाने हवेशी केला आहे.

जंगलात या सौद्याला तिसरा भागीदार असतो, चितळ. हिवाळ्यात गवत वाळतं तेव्हा खाली पडलेले आवळे चितळं आवडीने खातात आणि रवंथ करताना कठीण आठळ्या तोंडातून बाहेर टाकतात. आठळी वाळली की तडकते, आत तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन अशा सहा बिया मोकळ्या होतात. पुढच्या पावसाळ्यात त्या रुजतात. आवळ्यावरच्या सहा फिकट रेषा आणि आतल्या सहा बिया मोजून पाहण्यासारख्या आहेत. मुलांना जरूर दाखवा.

तेव्हा मे महिन्यात आवळा दिसत नाही म्हणून टॉनिक, संप्रेरकं, दुप्पट खत असले उपाय करू नयेत. टोकाकडच्या बेचक्यांत हिरव्या गाठी शाबूत आहेत का, एवढं पाहावं. असतील तर झाड आपलं काम करतं आहे.

एकटी आवळी

आता दुसरं कोडं. गाठी वैशाखातच गळून गेल्या, भाद्रपद आला तरी झाड कोरडंच. असं वर्षानुवर्षं होत असेल तर बहुधा झाड एकटं आहे.

अनेक फळझाडं स्वतःचा पराग स्वतःच्या मादी फुलाला लागू देत नाहीत. पराग कुक्षीवर पडतो, पण त्यातून निघणारी नळी बीजांडापर्यंत पोचत नाही. फलन होत नाही आणि गाठ गळते. आवळीत ही अडवणूक बरीच कडक आहे. परका पराग, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या झाडाचा पराग, मिळाला तरच फळं भरपूर धरतात.

इथे एक फसगत होते. ‘एकटं झाड फळत नाही’ हे ऐकून लोक रोपवाटिकेतून त्याच नावाचं दुसरं कलम आणतात. त्याने काही साधत नाही. कलम म्हणजे मूळ झाडाचाच एक डोळा दुसऱ्या खुंटावर बसवलेला. एका वाणाची दहा कलमं लावली तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच झाड दहा ठिकाणी उभं असतं. झाडं दोन हवीत आणि दोघांचे वाणही वेगळे हवेत. आठळीपासून उगवलेली गावठी आवळी जवळ असेल तर तीही चालते, कारण प्रत्येक बी वेगळं असतं. शेजारच्या अंगणातलं झाडही उपयोगी पडतं. वारा आणि मधमाश्या कुंपण मानत नाहीत.

परसात दोन झाडांची जागा नसेल तर एकाच झाडावर दोन वाण करता येतात. वाढत्या झाडाच्या एका जोमदार फांदीवर दुसऱ्या वाणाचा डोळा भरायचा. फांदी वाढली, फुलली की घरातल्या घरात परागाची सोय होते. शहरातल्या माणसासाठी मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि फार थोडे लोक तो वापरतात. डोळा भरणं हाताला सवय असलेल्या माळ्याकडून करून घ्यावं, पावसाळ्याचे दिवस त्याला उत्तम.

फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नये. त्या पंधरा-वीस दिवसांत मेलेली मधमाशी म्हणजे कार्तिकातले गेलेले आवळे.

रोपवाटिकेत काय मागावं

बियांपासून केलेल्या आवळीला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात आणि फळ लहान निघतं. कलम तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फळू लागतं. त्यामुळे कलमच घ्यावं, आणि लेबलावर वाणाचं नाव असल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक वाण उत्तर प्रदेशातून आले आहेत. तिथला प्रतापगड जिल्हा आवळ्यासाठी प्रसिद्ध. बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस हे तिथले जुने वाण. फ्रान्सिसच्या फांद्या खाली झुलतात, म्हणून त्याला हाथीझूलही म्हणतात. बनारसीचं फळ मोठं, पण मादी फुलं कमी, म्हणून उत्पन्न बेताचं. अयोध्येजवळ कुमारगंजला आचार्य नरेंद्र देव यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. तिथे या जुन्या झाडांच्या रोपांतून निवड करून नवे वाण काढले गेले. ‘एनए’ ही अक्षरं ‘नरेंद्र आवळा’ची. एनए-७ फ्रान्सिसपासून निवडलेला, कांचन म्हणजे एनए-४ चकैयापासून आणि कृष्णा म्हणजे एनए-५ बनारसीपासून.

एनए-७ लवकर फळतो आणि त्याच्या डहाळीवर मादी फुलं जास्त असतात. एकच मुख्य झाड निवडायचं तर मी तोच निवडेन. त्याच्या जोडीला कांचन किंवा कृष्णा घ्यावा. दोघांच्या माता वेगळ्या असल्याने पराग चालण्याची खात्री वाढते.

खड्डा, पाणी, कात्री

आवळी काटक आहे. हैदराबादच्या तांबड्या, मुरमाड मातीत ती आनंदाने वाढते. बोअरचं जड पाणीही तिला चालतं. जमिनीचा सामू साडेनऊपर्यंत गेला तरी ती टिकते, इतकी सहनशक्ती थोड्याच फळझाडांत आहे. तुंबलेलं पाणी मात्र तिला सोसत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर दोन-अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. वरची माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरावा. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटवे आले तर ते गावठी खुंटाचे असतात, दिसले की काढावेत. ते राहिले तर दोन वर्षांत वरचा चांगला वाण मागे पडतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. भिंतीपासून पंधरा फूट तरी अंतर ठेवावं. खत म्हणून वयाच्या दर वर्षामागे दहा किलो शेणखत द्यावं, दहाव्या वर्षानंतर तेवढंच ठेवावं.

पाण्याचा नियम फुलोऱ्याशी बांधलेला आहे. फळत्या झाडाला फुलं असताना पाणी तोडावं. फुलं सरली, गाठी बसल्या की पुन्हा हलकं पाणी सुरू करावं आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. सुप्तावस्थेतल्या गाठींना वाढायला पाणी लागत नसलं तरी झाड फार तहानलं की ते त्या सोडून देतं.

आवळीचं लाकूड ठिसूळ असतं. फळांनी लगडलेली फांदी रात्रीतून कडाडून मोडते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर चार-पाच फांद्या चारी दिशांना, मोकळ्या कोनात राखाव्यात आणि दाटीतल्या बाकीच्या काढाव्यात. छाटणी फळं उतरल्यावर, नवी पालवी फुटण्याआधी करावी. पालवी आल्यावर कात्री चालवली तर फुलंच कापली जातात.

काही वाणांत, विशेषतः फ्रान्सिसमध्ये, फळ आतून तपकिरी पडतं आणि नंतर सालीवर काळे डाग येतात. हे बहुधा बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या कमतरतेने होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम बोरॅक्स मिसळून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्यात.

फळ कधी उतरवायचं? सालीचा हिरवा रंग फिकट, किंचित पारदर्शक पिवळसर झाला की एक आवळा कापून बी पाहावं. पांढरट बी तपकिरी झालं असेल तर आवळा तयार. क जीवनसत्त्वही पक्व फळातच भरात असतं. १०० ग्रॅम आवळ्यात वाण आणि जागेनुसार साधारण २५० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत ते सापडतं, संत्र्याच्या कितीतरी पट. घरी आवळकाठी करायची तर फोडी कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर वाळवाव्यात. क जीवनसत्त्व उष्णता आणि उजेड दोन्हींनी उडतं.

मातीच नसेल तर

बेगम बाजाराच्या गल्ल्यांत राहणाऱ्याला हे सगळं वाचून गच्चीकडे पाहावंसं वाटेल. आवळी कुंडीत फळवण्याचा हट्ट धरू नये. तिचा चुलत भाऊ रायआवळा मोठ्या ड्रममध्ये किंवा चार फूट मोकळ्या जागेत चांगला येतो. त्याचे फिकट, फुगीर रेषांचे, जबर आंबट घोस थेट जुन्या फांद्यांवर आणि खोडावर लागतात. तो बियांपासूनही सहज येतो आणि एकटं झाडही फळतं. लोणच्याला त्याच्यासारखं फळ नाही.

कुंडीतच काही फळवायचं असेल तर रसभरी. ही टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताची. पावसाळ्यात बी टाकलं की हिवाळ्यात कागदी टोपणातली नारिंगी फळं मिळतात. टोपण वाळून फळ पिवळं होईपर्यंत खाऊ नये, कच्चं फळ बाधतं.

इंग्रजीत आवळ्यालाही गूजबेरी म्हणतात, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांच्या बागेत पाहिलेलं युरोपी काटेरी गूजबेरीचं झुडूप मात्र इथे मागवू नका. त्याचे डोळे उघडायला शेकडो तासांची, सात अंशांखालची थंडी लागते. हैदराबादच्या डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असतं. झुडूप जगलं तरी फुलणार नाही.

चौकट: फळत्या आवळीचं वर्ष

जानेवारी-फेब्रुवारी: उरलेली फळं उतरवणं, छाटणी, डहाळ्या गळणं.
फेब्रुवारीअखेर ते एप्रिल: पालवी आणि फुलोरा. पाणी तोडणं, फवारणी बंद.
एप्रिल ते जुलै: गाठी थांबलेल्या. हलकं पाणी, आच्छादन.
जून ते ऑगस्ट: शेणखत, नवी लागवड, डोळा भरणं.
ऑगस्ट ते ऑक्टोबर: फळांची वाढ, बोरॅक्सची फवारणी, जड फांद्यांना टेकू.
ऑक्टोबरअखेर ते जानेवारी: तोडणी.

ज्यांच्या दारात फुलणारी पण न फळणारी आवळी उभी आहे, त्यांना एक विनंती. कुऱ्हाड लावण्याआधी येत्या पावसाळ्यात तिच्या एका फांदीवर दुसऱ्या वाणाचा डोळा भरून घ्या आणि तो फुलेपर्यंत तिला दोन-तीन वर्षं द्या.